पन्नास काळी लुगडी

लालबागच्या त्या चाळीत बकुळा परबकडे स्वतःची लुगडी साडेतीन होती आणि दुसऱ्या बायकांनी काय नेसावं याबद्दलची मतं ट्रंकभर. रोजची दोन, सणाचं एक, आणि अर्धं म्हणजे दंड घातलेलं. मधे विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही टोकं शिवून जोडायची, म्हणजे लुगडं आणखी दोन वर्षं ओढतं. "शिवण निऱ्यांत लपवायची असते, अक्कल लागते त्याला," असं बकुळा सगळ्यांना सांगायची. तिची स्वतःची शिवण बरोबर पाठीमागे मधोमध यायची आणि सगळ्या गॅलरीला दिसायची. पण सल्ला चोख होता. ज्यांनी ऐकला त्यांच्या शिवणी लपल्या.

देवगडकडची ही पोर लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा चौदा वर्षांची होती. नवरा सीताराम परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि दोन वर्षांनी तीही गिरणीत, वाइंडिंग खात्यात, कोनांवर सूत गुंडाळायला. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अक्षरं शिकली ती भज्यांच्या कागदावर. फाटकाबाहेर भजी घ्यायची, ती संपली की कागद वाचायचा. तेलाने कागद पारदर्शक झालेला असायचा, त्यामुळे पुढची बातमी वाचताना मागची जाहिरातही मधे मधे यायची. "म्हणूनच तुझ्या भाषणात दिल्ली सरकार आणि दंतमंजन एकाच वाक्यात येतं," असं सीताराम म्हणायचा. यावर बकुळा भांडायची. भांडण हा तिचा दुसरा धंदा होता आणि त्यात तिला बदली कामगार कधी लागला नाही.

कपड्यांतली जाणकार म्हणून तिचं नाव झालं ते भायखळ्याच्या भाजीबाजारात. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या एका मोर्चात पळापळ झाली आणि ठाकूरद्वारची मृणालिनीबाई नावाची एक मास्तरीण निऱ्या पायात येऊन पालेभाजीच्या जुड्यांवर आडवी झाली. अंगावर सहावारी, गोल नेसलेलं पातळ, पायात टाचेचे बूट. बकुळाने तिला दंडाला धरून टोपल्यांच्या मागे ओढलं आणि तिथल्या तिथे तिच्या पातळाचा एक सोगा मागे नेऊन घट्ट खोचून टाकला.

"बाई, हे पातळ पंगतीत वाढायला ठीक. धावायची वेळ आली की हे पातळ तुमचं नाय. तुमच्या मागं जो लागलाय त्याचं आहे."

मृणालिनीबाई कोथिंबीर झटकत म्हणाली, "हे तुम्ही लिहून का काढत नाही?"

एवढंच पुरलं. दुसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर, समितीच्या सभेच्या निरोपाखाली, बकुळाच्या तिरक्या अक्षरात सूचना आल्या. मोर्चाला येताना नऊवारी बरं, आणि सहावारीच असेल तर परकराची नाडी बोटभर जास्त आवळा आणि पातळ घोट्याच्या वर नेसा. घोटा दिसला म्हणून कुणाचा संसार बुडत नाही. मंगळसूत्र पोलक्याच्या आत. बांगड्या काढायला सवाष्ण तयार होत नाही, त्यासाठी भांडू नये, बांगड्यांवर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळावी, म्हणजे हिसकाहिसकीत काच मनगटात जात नाही. चपलेचा अंगठा सैल असेल तर सुतळीने बांधा, नाहीतर अनवाणी या. पोलक्याला आतून चोरखिसा शिवा, त्यात ओला रुमाल ठेवा. नवं लुगडं नेसून येऊ नका. लक्ष मोर्चाकडे राहत नाही, काठाकडे राहतं.

बायका वाचायच्या, ज्यांना वाचता येत नसे त्या वाचून घ्यायच्या, आणि करायच्याही. मग घरगुती अडचणी यायला लागल्या. पोरीला बघायला येणारेत, रंग सावळा आहे, गुलाबी नेसवू का? "गुलाबी नको, ती घाबरलेली दिसेल. मोरपंखी नेसव." ठेंगणी आहे, रुंद काठाचं चालेल का? "काठ रुंद आणि तू अरुंद, मग लोक काठाला नमस्कार करतील." बकुळा असं तोडून बोलायची आणि बायका हसत हसत ऐकायच्या. समितीने विभागात महिला पथक काढलं तेव्हा ते आपोआप तिच्याकडे आलं.

या पथकाचं तिला काय होतं ते सांगायला हवं. गिरणीत ती एक नंबर होती. चाळीत सीतारामची बायको होती. वीस वर्षांच्या संसारात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अमक्याची आई हेही नाव तिला मिळालं नव्हतं. पथकात मात्र ती बकुळाबाई होती. सभेत कुणी "बकुळाबाईंना विचारा" असं म्हणालं की तिची मान आपोआप दोन बोटं वर जायची. हे तिला स्वतःलाही माहीत होतं आणि त्याची तिला थोडी लाजही वाटायची, पण मान काही खाली यायची नाही.

सत्तावन्न सालच्या श्रावणात बातमी आली की येत्या शुक्रवारी संध्याकाळी एक मंत्री परळला कसल्याशा इमारतीच्या उद्घाटनाला येणार. समितीने ठरवलं, रस्त्यावर काळे झेंडे दाखवायचे. रविवारी तालमीच्या ओट्यावर बैठक झाली. चिटणीस बाबुराव हा शांत माणूस. आवाज कधी चढवत नसे, त्यामुळे बकुळाला त्याचा जास्तच राग यायचा.

"झेंडे नाक्यावरच काढून घेणार असं ऐकतो," बाबुराव म्हणाला. "काळं कापड घेऊन दिसला की बाजूला. छत्र्यासुद्धा ठेवून घेतील म्हणतात. पुरुष काहीतरी युक्ती करतील. बायकांनी यावं, पण मागे उभं राहावं."

"मागे कशाला?" बकुळा उठली. "आम्ही हातात काय धरणारच नाय. नेसून येऊ."

"काय नेसून?"

"काळं! प्रत्येकीच्या ट्रंकेत संक्रांतीची चंद्रकळा पडलेली आहे. काळीभोर. वर्षातून एकदा बाहेर निघते. हातातला झेंडा घ्या म्हणावं काढून. अंगावरचं लुगडं कोण काढून घेतो ते बघते मी!"

टाळ्या पडल्या. युक्ती खरंच नामी होती. इथे बकुळा खाली बसली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण टाळी पडल्यावर खाली बसणं तिला जन्मात जमलं नाही.

"पन्नास! पन्नास काळी लुगडी एका रांगेत उभी करीन."

"बाई, पंधरा आल्या तरी पुष्कळ," बाबुराव समजुतीने म्हणाला.

त्या समजुतीनेच घात केला. "पन्नास म्हणजे पन्नास. एक जरी कमी पडली तर पथकाचं काम सोडलं. लिहा वहीत."

बाबुरावची पेन्सिल घुटमळली. तेव्हा बकुळाने ती त्याच्या हातून घेतली आणि बैठकीच्या वहीत स्वतः लिहिलं, खाली सहीसुद्धा केली. सही करायला शिकून तिला चारच वर्षं झाली होती. जिथे तिथे करायची हौस अजून फिटली नव्हती.

सोमवारी गिरणीतून येऊन ती घरोघर निघाली. पहिलंच दार कांताचं. कांता पंचविशीतली, मालवणकडची, दोन पोरं जाऊन तिसरं जगलेलं. पथकात सगळ्यात आधी येणारी, घोषणांना सगळ्यात मोठा आवाज.

"शुक्रवारी चंद्रकळा काढून ठेव गो."

कांताने मुलाचं नाक पुसलं. मग कोपऱ्यातली कळशी सरळ केली, ती सरळच होती. "वैनी, माझी चंद्रकळा गावाक रवली."

"यंदाच्या संक्रांतीला तर इथं नेसली होतीस!"

"मगे गावाक धाडलंय."

दुसऱ्या दारात लुगडं उंदरांनी कुरतडलं होतं. तिसऱ्या दारातलं वडाळ्याच्या नणंदेने नेलं होतं. चौथीचं बोहारणीला देऊन टाकलं, पाचवीच्या पोटात शुक्रवारी दुखणार होतं आणि ते तिला सोमवारीच कळलं होतं. भागीरथीकाकू म्हणाली, काळं नेसलं की मला शिंका येतात. मंगळवारी रात्रीपर्यंत बकुळाने चार चाळींचे जिने झिजवले. कागदावर नावं झाली आठ. त्यातलं पहिलं तिचं स्वतःचं.

बकुळाच्या रागाला कढ यायला वेळ लागत नसे. बुधवारी पहाटे, नळावर सगळ्या गोळा झालेल्या असताना, तिने बादली आपटली.

"भित्र्या आहात सगळ्या! उंदीर काय, नणंद काय! सरळ सांगा ना नवरा सोडत नाय म्हणून! अशाच बसा. मुंबईपण घडी करून ट्रंकेत घाला, वर डांबरगोळ्या टाका आणि द्या पाठवून दिल्लीला! आणि कांता, तू गं? पोर कडेवर घेतलं की सुटलीस होय? उद्या त्याला कुठली मुंबई दाखवणार आहेस?"

कांताने मुलाचं डोकं पदराखाली घेतलं. नळ तेवढा वाहत राहिला. बायका गप्प राहिल्या म्हणजे आपण जिंकलो, असा बकुळाचा हिशेब होता. ती ताठ मानेने कामावर गेली.

वाइंडिंगमध्ये तिच्या शेजारी कमल असायची. कमल पलीकडच्या वाडीतली. गेल्या वर्षी तिच्या घराने बौद्ध धम्म घेतला, देव्हारा काढला, सणवार सोडले. पथकात ती होती आणि आपल्या वाडीतल्या अकरा जणींना आणायची. बोलायची कमी. मशीनच्या आवाजात बाकीच्या ओठांनी आणि हातवाऱ्यांनी गप्पा मारायच्या तेव्हाही ती नुसती भुवई उचलायची.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले. कमलने विचारलं, "किती झाल्या?"

"आठ. ही आपली मर्दानी पलटण! मला तर वाटतं, हिजडे..."

"तोंड आवर. शुक्रवारी काळं नेसून कोण येणार होतं गं?"

"का? शुक्रवारला काय धाड भरलीय?"

कमलचा घास हातात राहिला. तिने बकुळाकडे नीट पाहिलं. ही सोंग करतेय का, ते बघत होती.

"तुला खरंच ठाऊक नाय?"

"काय ठाऊक नाय?"

"श्रावणातला शुक्रवार आहे. जिवतीचा."

श्रावणातल्या शुक्रवारी आया जिवतीची पूजा करतात. देवीचं चित्र छापलेला कागद भिंतीवर लावायचा, चणे-गुळाचा नैवेद्य दाखवायचा, पोराला पाटावर बसवून ओवाळायचं, परगावी असेल तर त्या दिशेला अक्षता टाकायच्या. पोरं जगावीत म्हणून. त्या दिवशी आई काळं अंगाला लावत नाही. हे सांगायला कुणी फळ्यावर सूचना लिहीत नाही.

"मग मला सांगितलं का नाय कुणी?" बकुळा म्हणाली. आवाज तिच्या मानाने फारच बारीक निघाला.

"मी सांगते, कारण आम्ही ते सोडलं. त्यांनी कसं सांगायचं? आणि तुला?"

शेवटचा शब्द कमलने हळूच ठेवला, पण तो जाऊन बरोबर बसला.

लग्नानंतर सहा श्रावण बकुळानेही तो कागद आणला होता. भिंतीला लावून, हात जोडून, पुढच्या वर्षी कुणाला तरी ओवाळायला मिळू दे म्हणून. सातव्या श्रावणात ती कागदवाल्याच्या पुढून सरळ निघून गेली आणि पुढे तो शुक्रवार तिच्या लेखी नुसता कामाचा वार झाला. काल-परवा ती ज्या ज्या घरात शिरली होती त्या प्रत्येक भिंतीवर तो कागद चिकटवलेला होता. तिची नजर मात्र ट्रंकेवर. एवढ्या बायकांनी, आधी काही न ठरवता, तिला एकसारखं फसवलं होतं. उंदीर, नणंद, शिंका. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसांचं ते खोटं होतं. कशासाठी, तर बकुळाबाईंना लागू नये म्हणून. आणि बकुळाबाई त्यांना नळावर भित्र्या म्हणून आल्या होत्या.

"डबा खा," कमल म्हणाली.

"भूक नाय."

"मग दे इकडं. बांगड्याचं कालवण वाया घालवू नये."

संध्याकाळी बकुळा कांताच्या दारात जाऊन उभी राहिली. आजवर तिने मालकाला सुनावलं होतं, खात्याच्या मुकादमाला, जॉबरला, सुनावलं होतं, एकदा तर सासऱ्याला पत्राने सुनावलं होतं. पण माफी मागायचा सराव नव्हता. दाराची चौकट धरून ती म्हणाली,

"हे बघ, दिवस मंत्र्याने ठरवला. मी नाय."

कांता तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही.

"म्हणजे, मंत्र्याने ठरवला तरी मला कळायला हवं होतं. कळलं नाय. म्हणजे मला कसं कळणार? पण कळायला हवं होतं." इथे तिला आपलीच चीड आली. "जाऊ दे! चुकलं माझं! झालं? सकाळी जे बोलले ते मागं घेते. पोराबद्दल बोलले ते दोनदा मागं घेते."

कांताने सूप बाजूला ठेवलं. उठून ट्रंक उघडली. चंद्रकळा वरच होती, घडी न मोडलेली, लाल काठ, मधे बारीक ठिपके.

"गावाक धाडलेली ना?" बकुळा म्हणाली. सवय जात नाही.

"वैनी, ही मी शुक्रवारी नेसूचंय नाय. तुमी मारलास तरी नाय." मग कांताने चंद्रकळेच्या घडीतून एक वस्तू काढली. तळहाताएवढं काळं झबलं, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे ठिपके. पोराची पहिली संक्रांत झाली तेव्हा त्याला हे घालून, डोक्यावर चुरमुरे आणि बोरं ओतून बोरन्हाण घातलेलं. "पण ह्या काळा तर पोराक कोणाची नजर लागू नये म्हणान शिवलेला. ह्या भायर काढलंय तर जिवती रागावात काय?"

बकुळा त्या झबल्याकडे बघत राहिली.

"प्रत्येकीकडे असेल?" तिने विचारलं.

"पोराचा पयला झबला कोण टाकता?"

गुरुवारी चाळीत सेफ्टी पिनांचा दुष्काळ पडला. युक्ती कांताची होती, पण ती अंगावर कशी बसवायची हे सांगायला बकुळा लागली, आणि तिथे तिची जीभ परत चालू झाली. झबलं पदराच्या आतल्या बाजूला लावायचं, झबल्याच्या खांद्यावर एक आणि काखेत दोन पिना. एका पिनेवर लटकवलं तर ते फिरतं आणि पाठ दाखवतं. पिन काठात मारू नका, काठ फाटला की पदर संपला, पोतात मारा आणि खाली जुन्या कपड्याचा तुकडा घ्या. पावसाने पिन गंजते, डाग जन्मभर जात नाही, म्हणून आज रात्रीच खोबरेल लावून पुसून ठेवा. पूजेचं हिरवं, पिवळं, जे नेसाल ते नेसून या. गाडी आली की दोन्ही हातांनी पदर वर. बस. कमलला तिने बिचकतच विचारलं, तुमच्याकडे कसं करायचं, तुम्ही तर संक्रांत सोडली. कमल म्हणाली, "सण सोडला. पोरांची कापडं नाय सोडली." तिच्या अकरा जणी तयार होत्या.

राहिला प्रश्न बकुळाचा. तिच्याकडे झबलं नव्हतं. कांता म्हणाली, माझ्या पोराचं दुसरं टोपडं आहे, काळंच आहे. बकुळाने मान हलवली. तिला शुक्रवारची अडचण नव्हती, मग तिने चंद्रकळा का नेसू नये? वहीत लिहून दिलं होतं पन्नास काळी लुगडी. यादीतल्या बाकी सात जणीही झबल्यांकडे वळल्या होत्या, निदान एक तरी व्हायला हवं. तिची चंद्रकळा लग्नाच्या पहिल्या संक्रांतीची, ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या मोजणीतही ती न धरलेली. वीस वर्षांत तिला पाणी लागलं नव्हतं.

शुक्रवारी पाच वाजता रस्त्याच्या कडेला रांग उभी राहिली. हिरवी, पिवळी, अंजिरी, कमलच्या वाडीतल्यांची पांढरी, जणू मंगळागौरीला निघालेल्या. आणि मधोमध बकुळा, काळीकुट्ट. सगळ्या मुंबईला काय नेसावं ते शिकवणाऱ्या या बाईच्या डोक्यात एवढं आलं नाही की जिथे काळ्या रंगावरच डोळा ठेवून माणसं उभी केली आहेत, तिथे आपण भाताच्या ताटातल्या मिरीसारखे दिसू. पाच वाजून दोन मिनिटांनी एक रत्नागिरीकडचा हवालदार आला.

"बाई, संक्रांत जानेवारीत असते."

"यंदा लवकर आली. तुमच्यावर."

"चला, गाडीत बसून बोला."

अटक करून घेताना कसं ताठ बसावं हेही तिने बायकांना शिकवलं होतं. स्वतः बसताना तिचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. गाडीत ती एकटी. रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या पोलिसांना आता काळं काही दिसत नव्हतं, त्यामुळे ते निवांत झाले. पुढे बकुळा सांगायची की हे मी ठरवूनच केलं, पोलिसांना चकवायला. ते खोटं. निम्म्या वेळा सांगताना तीच हसायची.

जाळीतून तिने पाहिलं. मोटारी आल्या. कांताने पहिल्यांदा पदर उचलला, मग भागीरथीकाकूने, आणि मग अख्खी रांग. पदराच्या आतून एवढी एवढीशी काळी झबली वर आली, बाह्या पसरलेली, वाऱ्याने फुगलेली. एक हवालदार पुढे झाला, कांताच्या झबल्याकडे हात नेला, आणि हात तसाच मागे घेतला. तान्ह्या पोराचं कापड ओढायला त्याचा हात धजेना. मंत्र्यांची मोटार थांबली नाही. पण तिचा वेग कमी झाला, काचेआड एक चेहरा वळला आणि वळलेलाच राहिला. मग कांताचा आवाज फुटला, आणि पाठोपाठ सगळ्यांचा.

बकुळाने डोळे आणि नाक पदराने पुसलं. वीस वर्षं पाणी न लागलेल्या चंद्रकळेचा रंग कच्चा निघाला. रात्री नऊला सोडलं तेव्हा तिचं नाक काळं होतं, आणि नवरा सोडून कुणी तिला ते सांगितलं नाही.

रविवारी बैठकीत बाबुरावने वाचून दाखवलं. "काळी लुगडी, एक. काळी झबली, चौसष्ट." मग चष्मा काढून म्हणाला, "माझ्या मते बकुळाबाईंचा शब्द पुरा झाला. उलट जास्तच झाला. त्यांनी काम पुढे चालू ठेवावं."

बकुळा उठली. खरं म्हणजे बसून राहायचं होतं. पण ती वही समोर होती आणि तिच्यात स्वतःची सही होती.

"मी लुगडी लिहून दिली होती. लुगडं एकच झालं. ते पण मंत्री यायच्या आधी गाडीत. मी काम सोडते."

आणि ती थांबली. आता सगळ्या ओरडतील, नको, नको, बकुळाबाईच पाहिजेत, असं तिला वाटलं. तेवढ्यापुरती जागाही तिने ठेवली होती बोलण्यात.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कांता म्हणाली, "मगे आता कोण?"

एवढंच. कांताच पुढे म्हणाली, "माका वाटता, कमल. खरा काय ता तिनाच सांगितल्यान. आमी सगळी गप रवलंव."

चाळीतल्या बायकांच्या पथकाची प्रमुख पलीकडच्या वाडीतली, ही गोष्ट प्रत्येकीने मनातल्या मनात उलटून पाहिली. भागीरथीकाकूने तोंडावर आणली. "मग सभा तिच्या घरी झाली की चहा कोण करणार?"

"मी," कमल म्हणाली. "प्यायचा असेल तर या. नसेल तर नुसत्या या."

बकुळा बोलली नाही. बोलली असती तर भांडण झालं असतं आणि कमलच्या नावाने तिचंच भाषण झालं असतं. तिने फक्त हात वर केला. कांताने केला, मग बाकीच्यांनी. काकूने सगळ्यात शेवटी, अर्धा. तिसऱ्या सभेला तिने चहाही घेतला. तोही अर्धा कप.

त्या रात्री सीताराम म्हणाला, "बाबुराव देत होता ना परत? मग सोडलंस कशाला?"

"शब्द दिला होता."

"कुणाला?"

"बाबुरावला."

"तो तर घेत नव्हता."

"झोपा आता!" बकुळा भिंतीकडे वळली. डोळा मात्र लागला नाही. गिरणीच्या पहिल्या भोंग्यापर्यंत ती मनात बाबुरावला उत्तरं देत होती, आणि एकदाही तिला बरं उत्तर सुचलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कमलने तिच्या हातात एक कागद दिला. चार चाळींची यादी. पुढच्या महिन्यात पथकाने मोर्चा काढायचा होता.

"घरोघर जायचं. विचारायचं, कुठला दिवस जमेल."

"आणि काय सांगायचं?"

"सांगायचं काय नाय. विचारायचं. मग त्या बोलतील ते ऐकायचं."

"किती वेळ?"

कमलने नुसती भुवई उचलली.

संध्याकाळी बकुळा भागीरथीकाकूच्या दारात गेली. विचारलं, "काकू, मोर्चाला कुठला दिवस जमेल?" काकूने पाट सरकवला आणि सुरू झाली. सोमवारी तिचा उपास, मंगळवारी जावयाचा फेरा, बुधवारी गुडघा दुखतो, गुरुवारी दत्ताचं देऊळ. बोलता बोलता ती उठली, पदर खोचायला गेली आणि लुगड्याच्या निऱ्या एका बाजूला लोंबल्या. कमरेची गाठ बोटभर सैल होती. स्वच्छ दिसत होतं. बकुळाचे ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. काकू शुक्रवारपर्यंत पोचली होती. बकुळाने कागदावर शुक्रवारपुढेही फुली मारली, पेन्सिल कानावर अडकवली आणि दोन्ही हात मांडीखाली घालून ऐकत बसली.